रिचर्ड अर्न्स्ट : पद्धत घडवणारा रसायनज्ञ
(रेडिओवरील भाषण)



आज तालुक्याच्या गावातसुद्धा डॉक्टर सहज सांगतात, ‘एक एमआरआय काढून घ्या.’ औषधाच्या कंपनीत काम करणारा रसायनशास्त्राचा पदवीधर असाच सहज म्हणतो, ‘सॅम्पल एनएमआरला दिलंय.’ दोन्ही यंत्रांचं मूळ एकच, अणुकेंद्रकांचं चुंबकीय अनुस्पंदन. आणि दोन्हींच्या पोटात एकाच माणसाच्या कामाचा फार मोठा वाटा आहे. तो माणूस म्हणजे स्वित्झर्लंडचे रसायनज्ञ रिचर्ड अर्न्स्ट. 1991चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला मिळालं. त्यांनी नवं मूलद्रव्य शोधलं नाही की एखादं औषध तयार केलं नाही. त्यांनी पद्धत घडवली. रसायनशास्त्रात अशा माणसांचं ऋण आपण फार कमी बोलून दाखवतो, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

अर्न्स्ट यांचा जन्म 14 ऑगस्ट 1933चा, विंटरटूर या गावचा. वडील वास्तुविशारद, तंत्रविद्यालयात शिकवणारे. मुलगा चेलो वाजवायचा आणि आपण संगीतकार व्हावं असं त्याच्या मनात होतं. तेराव्या वर्षी घराच्या माळ्यावर त्याला रसायनांनी भरलेली एक पेटी सापडली. ती त्याच्या एका काकांची होती. धातुविद्येचे अभियंता असलेले हे काका 1923मध्येच वारले होते. मग तळघरात प्रयोग सुरू झाले. स्फोट झाले, विषारी वायू घरभर पसरले, आईवडील धास्तावले. मुलगा वाचला, आणि आता आपण रसायनज्ञच होणार हे त्यानं ठरवून टाकलं.

झुरिकच्या ईटीएच या नामांकित संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला खरा, पण तिथल्या शिकवण्यानं निराशा केली. असंख्य संयुगांचे गुणधर्म पाठ करायचे, का आणि कसं हे विचारायचं नाही, असा तो काळ. भौतिक रसायनशास्त्र त्यांनी बरंचसं जाडजूड पुस्तकं एकट्यानं वाचून आत्मसात केलं. पीएच.डी.साठी ते हान्स प्रिमास यांच्याकडे गेले. तिथे विषय मिळाला एनएमआर, आणि काम होतं यंत्र बांधण्याचं. रसायनज्ञ हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन इलेक्ट्रॉनिक सर्किटं जोडत बसला होता.

इथे थोडं विज्ञान सांगायला हवं. हायड्रोजनचं अणुकेंद्रक हा एक इवलासा चुंबक असतो. त्याला मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलं आणि योग्य त्या वारंवारतेच्या रेडिओलहरी दिल्या, तर ते त्या लहरींना प्रतिसाद देतं. स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी हे 1945-46च्या सुमारास दाखवून दिलं, आणि 1952चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं. रसायनज्ञांना यात गोडी वाटू लागली ती थोड्या पुढच्या एका शोधामुळे. केंद्रकाची वारंवारता त्याच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनांवर किंचित अवलंबून असते. म्हणजे रेणूतला कुठला हायड्रोजन कुठे बसला आहे, हे वर्णपटावरून कळू शकतं. अल्कोहोलच्या रेणूतले तीन प्रकारचे हायड्रोजन तीन वेगळी शिखरं देतात आणि त्यांची क्षेत्रफळं एकास दोनास तीन या प्रमाणात असतात, हे 1951मध्ये स्टॅनफर्डहून प्रसिद्ध झालं. त्या निबंधावर तीन नावं आहेत : अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड. यांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईत आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचं काम उभं केलं. या विद्येच्या अगदी पहिल्या पानावर मुंबईशी नातं असलेलं एक नाव आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना वर्गात सांगितलं गेलं पाहिजे.

पण या तंत्राला एक मोठं दुखणं होतं. संकेत अतिशय क्षीण. त्या काळच्या 60 मेगाहर्ट्झच्या यंत्रात, नेहमीच्या तापमानाला, चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं असलेली केंद्रकं आणि विरुद्ध दिशेची केंद्रकं यांच्या संख्येत दहा लाखांमागे जेमतेम पाचांचा फरक असतो, आणि सगळा संकेत या पाचांच्या जिवावर. त्यात वर्णपट घ्यायचा तो एकेक वारंवारता क्रमानं तपासत, मिनिटामागून मिनिटं घालवत. त्यातला बहुतेक वेळ रिकाम्या जागा तपासण्यातच जायचा. सॅम्पल थोडं असेल किंवा केंद्रक कार्बन-13सारखं दुर्मीळ असेल, तर हाती फक्त गोंगाट यायचा.

1962मध्ये प्रबंध पुरा झाला तेव्हा अर्न्स्ट समाधानी नव्हते. आपण उंच दोरावर कसरत करतो आहोत आणि खाली बघणारं कुणीच नाही, अशी त्यांची भावना होती. विद्यापीठ कायमचं सोडायचं असं ठरवून ते अमेरिकेत गेले आणि 1963मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या व्हेरियन कंपनीत रुजू झाले. तिथे वेस्टन अँडरसन हे शास्त्रज्ञ याच दुखण्यावर विचार करत होते : अनेक वारंवारता एकाच वेळी देता आल्या तर?

उत्तर निघालं ते असं. एक अतिशय छोटा आणि जोरदार रेडिओस्पंद द्यायचा. त्यानं सगळी केंद्रकं एकदम जागी होतात आणि आपापल्या वारंवारतेनं निनादत हळूहळू शांत होतात. पेटीच्या प्रत्येक पट्टीचा सूर एकेक करून तपासण्याऐवजी सगळ्या पट्ट्या एकदम दाबाव्यात आणि त्या कल्लोळातून प्रत्येक सूर वेगळा काढावा, तसं हे. वेगळा काढायचं काम गणिताचं. फ्रेंच गणिती फूरिये यांनी दीडशे वर्षांपूर्वी ते सांगून ठेवलं होतं.

1964मध्ये अर्न्स्ट यांनी हे प्रत्यक्षात करून दाखवलं. आज जो आकडेमोडीचा भाग संगणक पापणी लवायच्या आत उरकतो, त्यासाठी तेव्हा संकेत कागदी पट्टीवर भोकं पाडून नोंदवायचा, तो कार्डांवर उतरवायचा आणि कार्डांचा गठ्ठा मोठ्या आयबीएम संगणकाकडे न्यायचा, असा द्राविडी प्राणायाम होता. फायदा मात्र प्रचंड होता. एका संकेताला आता सेकंदभर पुरे. शंभर संकेत घेऊन बेरीज करा : संकेत शंभरपट वाढतो, गोंगाट दहापटच, म्हणजे स्वच्छपणा दहापट. या पद्धतीवरचा निबंध नामवंत नियतकालिकानं दोनदा परत पाठवला. अखेर 1966मध्ये तो वैज्ञानिक उपकरणांना वाहिलेल्या एका नियतकालिकात आला. बाजारातलं पहिलं फूरिये एनएमआर यंत्र 1969मध्ये जर्मनीच्या ब्रुकर कंपनीनं आणलं. पद्धत जन्मली एका कंपनीत आणि विकली गेली दुसरीकडून. मला या इतिहासात एक गोष्ट फार मोलाची वाटते. परत आलेल्या निबंधामुळे अर्न्स्ट यांची मुद्द्यावरची पकड सुटली नाही. पद्धतीचं मोल ती वापरल्याशिवाय पटत नाही, आणि वापरायला आधी संगणक स्वस्त व्हावे लागले.

1968मध्ये ते आशियातून प्रवास करत मायदेशी परतले आणि ईटीएचमध्ये प्रिमास यांच्या एनएमआर गटाची धुरा त्यांच्याकडे आली. 1971मध्ये युगोस्लाव्हियातल्या एका उन्हाळी शिबिरात बेल्जियमचे ज्याँ जेनेर यांनी एक कल्पना मांडली : एकाऐवजी दोन स्पंद द्या, मधला अवधी थोडाथोडा बदलत जा. शिबिराला गेलेल्या विद्यार्थ्याकडून ती अर्न्स्ट यांच्यापर्यंत पोचली. जेनेर यांनी ती तेव्हा छापली नव्हती. अर्न्स्ट यांनी तिचं श्रेय नेहमी जेनेर यांनाच दिलं, आणि सिद्धांतापासून प्रयोगापर्यंतची उभारणी स्वतः केली. 1976मध्ये त्यांच्या गटाचा सविस्तर निबंध आला.

याला द्विमितीय एनएमआर म्हणतात. साध्या वर्णपटात शिखरांची एक रांग असते. मोठ्या रेणूत ती इतकी दाटते की काही उमगत नाही. द्विमितीय पद्धतीत रांगेच्या जागी नकाशा मिळतो. कर्णाच्या बाहेर एखादा ठिपका दिसला, की तो सांगतो : ही दोन केंद्रकं एकमेकांशी बांधलेली आहेत, किंवा अवकाशात एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. जवळ म्हणजे किती, तर साधारण पाच आँगस्ट्रॉमच्या आत. अशी शेकडो अंतरं जमली की प्रथिनाचा अख्खा त्रिमित आकार उभा करता येतो, आणि तोही स्फटिक न बनवता, पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत. झुरिकमध्येच कुर्ट व्यूथरिश यांच्याबरोबर अर्न्स्ट यांनी हे काम पुढे नेलं. त्या प्रयत्नांत भारताचे अनिल कुमार यांचा मोठा हात होता; पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी ही विद्या रुजवली. व्यूथरिश यांना 2002मध्ये नोबेल मिळालं.

अनिल कुमार यांचं नाव आणखी एका निबंधावर आहे. पॉल लॉटरबर यांनी 1973मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या चढउतारावरून शरीराच्या आतलं चित्र काढण्याची वाट दाखवली होती. 1974मध्ये अर्न्स्ट यांनी एका परिषदेत लॉटरबर यांना ऐकलं आणि आपली द्विमितीय फूरिये पद्धत इथेही चालेल हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. 1975मध्ये कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट या तिघांनी ते छापलं. रुग्णालयातला आजचा एमआरआय मुख्यतः याच मार्गानं चित्र घडवतो. 2003चं वैद्यकशास्त्राचं नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळालं.

अर्न्स्ट यांना स्वतःची नोबेलची बातमी कळली ती विमानात. मॉस्कोहून न्यूयॉर्कला जाताना वैमानिकाकडून. पुढेही ते स्वतःला वैज्ञानिकापेक्षा हत्यारं घडवणारा कारागीरच म्हणवून घेत. दुसऱ्यांना त्यांचे प्रश्न सोडवता यावेत, एवढ्यासाठी आपली धडपड, असं त्यांचं म्हणणं होतं.

1968च्या त्या प्रवासात काठमांडूला त्यांनी तिबेटी थांगका चित्र विकत घेतलं होतं. त्यातून आयुष्यभराचा संग्रह उभा राहिला. 1998मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी विंटरटूरच्या घरातच रामन वर्णपटमापक बसवला आणि चित्राला धक्का न लावता रंग ओळखायला सुरुवात केली : तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, निळा अझुराइटचा. रंगद्रव्य मागाहून शोधलं गेलेलं असेल तर चित्र किती जुनं असू शकत नाही, हेही त्यातून कळायचं. 4 जून 2021 रोजी ते विंटरटूरलाच वारले.

ऐकणाऱ्यांत रसायनशास्त्राचे विद्यार्थी असतील, त्यांना एक विनंती. सॅम्पलची नळी देऊन दुसऱ्या दिवशी छापील वर्णपट घ्यायला जाऊ नका. ऑपरेटरची परवानगी काढून शेजारी बसा. फूरियेचं बटण दाबण्याआधी पडद्यावर जी थरथरत विझत जाणारी रेषा येते, ती एफआयडी, ती नीट बघा. हातानं एकदा दोन शिखरांचा निनाद कागदावर काढून बघा, आणि त्यातून वारंवारता परत मिळवायचा प्रयत्न करा. गणिताच्या सरांची मदत घ्यावी लागली, तर अवश्य घ्या.