परवान्याचा धनी कोण?

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणावरून)



विरोधकाचे म्हणणे आधी त्याच्याच शब्दांत नीट मांडावे आणि मग त्याला उत्तर द्यावे, अशी आपल्या अभ्यासवर्गांची जुनी प्रथा होती. अलीकडे ती मागे पडली आहे. म्हणून आज मी मुद्दाम उजव्या विचारांच्या मंडळींची एक टीका तपासण्यासाठी घेतली आहे. सरकारच्या आर्थिक धोरणामुळे व्यवसायधंद्याची गळचेपी होते, असे ही मंडळी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकापासून सांगत आली. या टीकेत खरे किती आणि लबाडी किती, याचा हिशेब मला मांडायचा आहे. जमेच्या बाजूला त्यांच्या नावे काही रक्कम लिहावी लागेल. ती लिहिल्याशिवाय वहीचा मेळ बसणार नाही.

प्रथम इतिहास पाहू. १९५१ साली उद्योग (विकास व नियमन) कायदा झाला. त्या कायद्याखाली येणाऱ्या उद्योगांत नवा कारखाना काढणे, आहे त्याची क्षमता वाढवणे, नवी वस्तू बनवणे किंवा कारखाना दुसरीकडे हलवणे, या साऱ्यांसाठी सरकारचा परवाना आवश्यक ठरला. भांडवल तुटपुंजे आणि परकीय चलन त्याहून तुटपुंजे, तेव्हा त्याचा विनियोग समाजाच्या गरजेप्रमाणे व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. हेतूत खोट नव्हती.

या व्यवस्थेविरुद्ध १९५६ साली मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज ही संस्था उभारली. १९५९ साली राजाजी, प्रा. रंगा, मिनू मसानी, कन्हैयालाल मुन्शी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. 'परमिट-लायसन्स राज' हा शब्दप्रयोग राजाजींनी रूढ केला. १९६७ साली या पक्षाचे ४४ खासदार लोकसभेत होते आणि काँग्रेसच्या खालोखाल तोच मोठा पक्ष होता. तेव्हा ही मूठभर धनिकांची कुरबुर होती असे म्हणून आपली सुटका होणार नाही.

त्यांचे मुख्य मुद्दे तीन होते. पहिला असा की, प्रत्येक धंद्याला अधिकाऱ्याची सही लागली की नागरिक अधिकाऱ्याचा आश्रित बनतो. दुसरा असा की, परवाना दुर्मिळ झाला की त्याला बाजारभाव येतो आणि तो भाव लाचेच्या किंवा सत्ताधारी पक्षाच्या देणगीच्या रूपाने वसूल होतो. तिसरा मुद्दा तुटीच्या अर्थकारणाचा. दुसऱ्या योजनेच्या वेळी, १९५५ साली, अर्थतज्ज्ञांच्या समितीत प्रा. बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली आणि इतकी तूट देशाला झेपणार नाही असा इशारा दिला. पुढे १९५७-५८ मध्ये परकीय चलनाचा पेचप्रसंग उभा राहिला, हे नाकारता येणार नाही.

यांतील पहिले दोन मुद्दे आपले का नव्हते, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत आला आहे. सत्तेचे केंद्रीकरण माणसाला लाचार बनवते, हे तर लोकशाही समाजवाद्यांचे मूळ सूत्र! खुद्द मसानी हे १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत होते. नोकरशाहीची भीती घेऊन ते उजवीकडे गेले. आपण डावीकडे राहिलो, ते योग्यच झाले. पण ती भीती आपण त्यांच्याबरोबर जाऊ दिली, ही आपली चूक झाली.

या चुकीची किंमत कोणी दिली, याचे एक उदाहरण सांगतो. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. चीनबरोबरचे युद्ध नुकतेच झाले होते, सोन्याच्या चोरट्या आयातीतून परकीय चलन गळत होते, ते थांबवणे जरूर होते. उपाय असा निघाला की, चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडवायचा नाही. आमच्या तालुक्याच्या गावी सोनारांची एक आळी होती. मी तेव्हा चार वर्षांचा, त्यामुळे त्या दिवसांची माझी स्वतःची अशी आठवण नाही. पण मोठा होईपर्यंत त्या आळीत मी एक वाक्य ऐकत आलो, "सराफाचे दुकान राहिले, आमची शेगडी विझली." चौदा कॅरटचे मंगळसूत्र कोण घेणार? ज्याच्याजवळ भांडवल होते तो थांबू शकत होता. ज्याच्याजवळ फक्त हातातली कला होती त्याला उद्याचा दिवस काढणे अवघड होते. माझ्या वडिलांच्या ओळखीच्या एका कारागिराने ऐरण माळ्यावर टाकली आणि शाळेत शिपायाची नोकरी धरली. चौदा कॅरटची अट १९६६ साली उठली. तो गृहस्थ मात्र शिपाई म्हणूनच निवृत्त झाला.

१९६८ साली सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. तो रद्द करण्याची घोषणा १९९० च्या अर्थसंकल्पात झाली, आणि ती करणारे अर्थमंत्री होते मधु दंडवते. समाजवाद्याने एक निरुपयोगी बंधन काढले म्हणून त्याचा समाजवाद उणा झाला नाही. हे उदाहरण आपण फार थोड्या वेळा सांगतो.

आता खर्चाची बाजू. उजव्यांच्या टीकेत एक प्रश्न कधीच विचारला गेला नाही. परवाना वाईट, हे कबूल; पण तो होता कोणाच्या खिशात? याचे उत्तर मुंबई विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. आर. के. हजारी यांनी नियोजन आयोगासाठी केलेल्या अहवालात १९६७ साली दिले. बिर्ला घराण्याने निरनिराळ्या कंपन्यांच्या नावे मोठ्या संख्येने अर्ज करून परवाने आधीच अडवून ठेवल्याचे त्यांनी दाखवले. परवाना घ्यायचा, कारखाना काढायचा नाही, आणि दुसऱ्यालाही काढू द्यायचा नाही! पाठोपाठ १९६९ साली सुबिमल दत्त समितीनेही मोठ्या घराण्यांना या व्यवस्थेचा अधिक लाभ झाल्याचे नोंदवले. म्हणजे ज्या भिंतीविरुद्ध सभांतून भाषणे होत होती, त्याच भिंतीच्या सावलीत मोठे उद्योगपती सुखाने बसले होते. १९४४ च्या 'बॉम्बे प्लॅन'वर टाटा-बिर्लांबरोबर सही करून सरकारी नियंत्रणाला संमती देणाऱ्यांत हेच श्रॉफ होते, हेही विसरू नये.

या भूमिकेचा खरा कस १९९१ नंतर लागला. त्या वर्षीच्या जुलैत बहुतेक उद्योगांचा परवाना रद्द झाला, आयातीची दारे किलकिली झाली. आता स्पर्धेचे स्वागत व्हायला हवे होते. पण १९९३ साली मोठे उद्योगपती मुंबईत एकत्र आले. 'बॉम्बे क्लब' या नावाने ओळखल्या गेलेल्या या मंडळींची मागणी काय होती? परदेशी कंपन्यांपुढे आम्हाला समान संधी द्या, सरकारने आमच्याकडे पाहावे! त्या मागणीत तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. पण जे गाऱ्हाणे त्यांनी दोन वर्षांत मांडले, तेच लहान कारखानदार त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षे मांडत होता आणि तेव्हा त्याला स्पर्धेचे पाठ दिले जात होते.

हाच धागा पुढे आणा. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी एका रात्रीत चलनातील मूल्याने ८६ टक्के नोटा बाद झाल्या. नागरिकाच्या स्वतःच्या पैशावर सरकारने घातलेला याहून मोठा घाला राजाजींनीही कल्पिला नसेल. तरी उद्योगपतींच्या मोठ्या संघटनांनी त्याचे स्वागत केले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. एकच कर असावा ही कल्पना वाईट नव्हती. पण मोठ्या कंपनीत हिशेबाचा स्वतंत्र विभाग असतो. इचलकरंजीत किंवा मालेगावात आठ-दहा यंत्रमाग चालवणारा मालक दिवसा माग पाहतो आणि विवरणपत्रासाठी सल्लागाराचे पैसे भरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याचा पर्याय दिला गेला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हा सरकारचाच अंदाज होता. यंत्रमागवाला सहसा कंपनी नसतो. त्याला या सवलतीतील एक पैसाही मिळाला नाही. व्यवसायाची गळचेपी आजही होते. फक्त ती ज्याची होते, त्याच्या वतीने बोलायला उजव्यांच्या व्यासपीठावर कोणी नाही.

आपले हात तरी स्वच्छ आहेत काय? १९७७ साली जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी तेव्हा ५०४ वर आणि मग ८०७ वर गेली. जिल्हा उद्योग केंद्रे निघाली, हे चांगलेच झाले. परंतु यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीची मर्यादा ओलांडली की संरक्षण जाते, म्हणून लहान माणसाने लहानच राहावे, असा त्या यादीचा एक परिणाम झाला. पतपुरवठा, वीज आणि तयार मालाला बाजारपेठ यांच्या जोडीशिवाय नुसती यादी त्याला तारू शकली नाही. आपण यादीवर समाधान मानले.

साथींनो, या हिशेबातून मी एवढाच निष्कर्ष काढतो. प्रत्येक नियमाला दोन प्रश्न विचारा. याने कोणाची शेगडी विझते? आणि याचा परवाना कोणाच्या खिशात जातो? कामगाराचे किमान वेतन, कारखान्यातील सुरक्षितता, नदीचे पाणी, यांचे रक्षण करणारा नियम या कसोटीवर टिकतो. 'गळचेपी' म्हणून तो कोणी मोडू पाहील तर आपण ठामपणे उभे राहिले पाहिजे. सोनाराला शिपाई करणारा नियम टिकत नाही. त्याच्या विरोधात सर्वांत आधी आपण बोलले पाहिजे.

आपल्या शाखा कामगार वस्तीत आहेत, काही शेतकऱ्यांत आहेत. बाजारपेठेत मात्र आपण फक्त निधी गोळा करायला जातो. पुढच्या महिन्यात प्रत्येक तालुक्याच्या साथींनी आपल्या पेठेतील दहा लहान धंदेवाल्यांकडे पावतीपुस्तक न घेता जावे, त्यांना वर्षभरात किती कचेऱ्यांत, कशासाठी हेलपाटे घालावे लागले ते विचारावे आणि लिहून आणावे. पुढच्या अभ्यासवर्गात मी भाषण करणार नाही. त्या नोंदी आपण मिळून वाचू.