डॉ. गणेश देवी आणि आपल्या घरातील मराठी
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी डिप्लोमावाला रेल्वेचा माणूस. साहित्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तरी आज डॉ. गणेश देवी यांच्याविषयी चार शब्द सांगतो, कारण आपल्यासारखेच तेही मुलूख सोडून परप्रांतात राहिले.

१९५० साली पुणे जिल्ह्यातील भोर येथे त्यांचा जन्म झाला. १९८० ते १९९६ ते बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवत. आपण आपली वाङ्मयपरंपरा कशी विसरलो, हे सांगणाऱ्या 'आफ्टर अ‍ॅम्नेशिया' या ग्रंथाला १९९३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशी प्रतिष्ठेची नोकरी सोडून ते आदिवासींच्या भाषांकडे वळले व गुजरातेत तेजगडला आदिवासी अकादमी उभारली.

१९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावे होती. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांची नावे वेगळी दिली जात नाहीत. २०१० मध्ये देवींनी लोकांच्याच मदतीने भाषांचे सर्वेक्षण सुरू केले. ७८० भाषांची नोंद झाली.

२०११ च्या जनगणनेत मराठी भाषिक आठ कोटींवर होते. तिथे मराठीला धोका नाही. पण इथे अण्णा नगरात माझी मुलगी फाडफाड तमिळ बोलते आणि आजीचा फोन आला की मुकाट्याने माझ्या हाती देते. म्हणून आम्ही रात्रीचे जेवण मराठीतच बोलत घ्यायचे ठरवले आहे. आपणही करून पाहावे.

गणपती बाप्पा मोरया!