वयाचा पुरावा आणि विक्रेत्याचा हिशेब

म्हैसूरच्या विड्याच्या पानाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु तेथील पानपट्टीवरचा आजचा प्रश्न सुट्या सिगारेटचा आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूविक्री निषिद्ध केली आणि खरेदीदार अल्पवयीन नाही हे सिद्ध करण्याचा भार नियमांनी विक्रेत्यावर टाकला. कर्नाटकाने २०२५ मध्ये ही मर्यादा २१ वर्षांवर, तर दंडाची कमाल रक्कम २०० वरून १,००० रुपयांवर नेली. सुट्या विक्रीसही मनाई केली.

शंका आल्यास विक्रेत्याने पुरावा मागावा, ही अपेक्षा. पण तो का मागेल? गिऱ्हाईक शेजारच्या टपरीवर जाते, आणि पकडले जाण्याचा संभव अल्प असतो. शिवाय पुरावा कोणता? आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे प्राधिकरणानेच स्पष्ट केले आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वयनिश्चितीसाठी शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य मानला. तो खिशात बाळगून सिगारेट घ्यावयास कोण जातो?

ब्रिटनमध्ये वयाच्या पुराव्यासाठी ‘पास’ चिन्हांकित ओळखपत्रे आहेत. तशी येथे छापणे अवघड नाही. मात्र तंबाखूविक्रीचा स्वतंत्र परवाना गमावण्याची भीती असल्याखेरीज टपरीवाला ती पाहण्याची तसदी घेणार नाही.