दुकान मांडा, पण वही आपल्या हातात ठेवा

(जरीपटका येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



विषय तुम्हीच दिला. खिशात हजार-दोन हजार रुपये, हातात मोबाईल, दुकानाची पगडी भरायची ऐपत नाही. तर ऑनलाईन दुकान काढायचं कसं? काही पोट्टे मला दारातच म्हणाले, "आता चळवळवाले दुकानदारी करतील काय बे?" बरोबर आहे, विचारलंच पाहिजे. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. दुकान टाकून यातला एकही मरत नाही. पण त्याच बाबासाहेबांनी त्याच्या वीसेक वर्षं आधी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईना, पेढी बंद पडली. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'नं पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला. पैसे घेऊनसुद्धा! तेव्हा बाजारात उतरताना आपल्याला भावाशिवाय आणखी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. जागा कोणाची? आणि पाटीवर नाव कोणाचं?

हा जरीपटका बघा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथं आले, घरदार तिकडे टाकून आले. एकमेकांना उधारीवर माल देत, नात्यागोत्याच्या भरवशावर त्यांनी बाजार उभा केला. आपल्या इंदोऱ्याची पोरं त्याच बाजारात काउंटरवर उभी राहतात. माल ओळखतात, भाव ओळखतात, गिऱ्हाइकाचा चेहरा वाचतात. धंद्याची अक्कल आपल्याकडे नाही हे कोणी सांगितलं तर हसा. आपल्याकडे नाही तो उधारीवर माल देणारा मामा. म्हणून पहिला नियम: ज्या मालात पैसा अडकून पडतो त्याला हात लावायचा नाही.

मग काय विकायचं? मी म्हणतो, पुस्तकं. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. चटणी-भाकर बांधून आलेला माणूस जाताना पिशवीभर पुस्तकं नेतो. दोन-तीन दिवसांचा खेळ. नंतर नोव्हेंबरात एटापल्लीच्या एखाद्या पोरीला तेच पुस्तक पाहिजे असेल तर तिनं काय वर्षभर वाट पाहायची? तुमचं दुकान तिच्यासाठी.

आणि पुस्तकात सोयी आहेत. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. फक्त पुस्तकंच विकत असाल तर नोंदणीचं झेंगट नाही, राज्याबाहेर पाठवलं तरी नाही. टी-शर्ट, कॅलेंडर घातलं की हिशेब बदलतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला मोठ्या ऑनलाईन बाजारांतून जीएसटी नोंदणीशिवाय माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात आणि नावनोंदणी क्रमांक घेऊन. टपालखात्यानं मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकीट कुठं पोचलं तेही कळतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं पाहिजे, आणि निव्वळ जाहिरातबाजीचं छापील साहित्य चालत नाही.

आता हिशेब लावा. समजा पुस्तक २०० रुपयांचं, वजन पाव किलो, प्रकाशकानं ३० टक्के सूट दिली. सुटले ६०. टपालाचे करासकट २४ गेले, पाकीट-चिकटपट्टीचे ८. उरले २८. पैसे यूपीआयवर थेट घेतले तर हे सगळे तुमचे. पेमेंट गेटवे लावला तर शंभराला दोनेक रुपये तो कापतो. २८ रुपयांत महाल बांधता येत नाही. पण एकाच पाकिटात तीन पुस्तकं गेली की टपाल तिप्पट होत नाही. म्हणून सुटं विकू नका, संच विका.

सुरुवातीला वेबसाईटच्या मागे लागू नका. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग लावता येतो. दहा पुस्तकं घ्या, पन्नास नको. फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ, साध्या कापडावर. खाली किंमत, पानं, प्रकाशक, आणि चार ओळी स्वतःच्या. पुस्तक न वाचता लिहाल तर लगेच पकडले जाल. झेरॉक्स मारलेलं, चोरून छापलेलं पुस्तक ठेवायचं नाही. आपल्याच लेखकाच्या पोटावर पाय कशाला? महिन्याला वीस-पंचवीस पाकिटं जायला लागली की वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवा. सॉफ्टवेअर फुकट, पैसे लागतात ते पत्त्याला आणि होस्टिंगला. पत्ता देवनागरीतही मिळतो, शेवटी '.भारत' लावून.

मोठ्या ऑनलाईन बाजारात का जायचं नाही, असं विचाराल. जा, पण ती दुसऱ्याची ओसरी आहे हे ध्यानात ठेवून जा. तिथं कमिशन त्यांचं, माल वर दाखवायचा की खाली ते ठरवणार ते, आणि गिऱ्हाईकही त्यांचंच. उद्या खातं बंद केलं तर तुमच्या हातात एक नावसुद्धा राहत नाही. म्हणून वही. कोणी काय घेतलं, कुठल्या गावचं, पुढचं पुस्तक कळवायचं का, हे विचारून लिहून ठेवा. ती वही हेच तुमचं भांडवल. निवडणूक आली की कोणीतरी साहेब ती मागायला येईल. जयभीम म्हणेल, चहा पाजेल. द्यायची नाही!

उरला नावाचा प्रश्न. गिऱ्हाईक स्कॅन करतं आणि पडद्यावर मेश्राम येतं, गजभिये येतं. काही जण म्हणून कुठल्या तरी देवाच्या नावानं ट्रेडर्स काढतात. मी त्यांना शिव्या देणार नाही, पोट सगळ्यांना आहे. पण ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम विक्रेत्याचं नाव-पत्ता गिऱ्हाइकाला दिसायला पाहिजे म्हणतात. लपणार किती? २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनं चामड्याचं काम करणाऱ्यांच्या हातचं काम गेलं. मुंबईत सुधीर राजभर यांनी धारावीच्या कारागिरांना घेऊन टाकाऊ रबराच्या बॅगा काढल्या आणि नाव ठेवलं 'चमार स्टुडिओ'. जो शब्द शिवी म्हणून तोंडावर फेकला जायचा तो आता बॅगेच्या किमतीत धरला जातो. २०१६ साली दिल्लीत चंद्रभान प्रसादांनी 'दलित फूड्स' म्हणून लोणची-मसाले ऑनलाईन विकायला काढले. आणि आपल्या नागपुरात किसन फागुजी बनसोडांनी 'निराश्रित हिंद नागरिक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी स्वतःची पत्रं काढली, दुसऱ्यानं आपलं छापावं म्हणून थांबले नाहीत.

बाकीचं बोलून होणार नाही, करून होईल. रविवारी दुपारी दोनला इथंच या. ज्याच्या घरी वजनकाटा आहे त्यानं तो आणा, बहिणींपैकी कोणी एक पांढरी चादर आणा, आणि प्रत्येकानं वाचलेली दोन पुस्तकं. वही मी आणतो.