वलगणीचा मासा आणि आपली नदी



मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की आपल्या पनवेलच्या गावागावांत एकच धांदल उडते. वलगण आली! ओढे फुगतात, शेतात पाणी चढतं आणि मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर येतात. माणसं पागोळ्या-टोपल्या घेऊन धावतात. गाबोळीने भरलेल्या माशाला बाजारात भावही चांगला मिळतो. आज आम्ही या माशाविषयीच बोलणार आहोत.

आपली गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून येते. देहरंग धरणाचं पाणी आपण पितो. पुढे ती खाडीला मिळते. शेजारची कासाडी तळोज्याच्या कारखान्यांमधून वाहते. 2017 च्या ऑगस्टमध्ये तिथे निळ्या रंगाची कुत्री दिसली, तेव्हा सगळा देश बघत राहिला. कुत्र्याचा रंग डोळ्यांना दिसला, पाण्याखालचा मासा मात्र कुणाला दिसत नाही.

मासा परत आणता येतो का? येतो. घाट चढून लोणावळ्याला गेलं की वळवणला टाटा पॉवरचं मत्स्यबीज केंद्र आहे. 1970 च्या दशकापासून तिथे महासीर वाढवतात. मादीच्या पोटातून अंडी अलगद काढून वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात आणि त्यांतून निघालेली पिल्लं नद्या-तलावांत सोडतात. महासीरला स्वच्छ, खेळतं पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो. काश्मीरच्या थंड नद्यांत ट्राउट, तसा आपल्या सह्याद्रीत महासीर.

पण नुसती पिल्लं सोडून भागत नाही. लोणावळ्याची पिल्लं कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. ती तिथे फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महासीर मागे पडला. 2018 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. एका नदीचं औषध दुसऱ्या नदीला लागू पडेलच असं नाही.

आपल्याच रायगडात याहून जुना उपाय आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनी देवीच्या डोहातले मासे कुणी धरत नाही. भाविक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे महासीर वर येतात. ना कुंपण, ना पहारा. गावाने ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलं, एवढंच.

समुद्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ओढ्यावर ही बंदी आपणच पाळायची. घरात मासळी कोणती यायची हे बहुतेक आपण बायकाच ठरवतो. म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिले पंधरा दिवस वलगणीचा गाबोळीवाला मासा घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर जाळंही कमी पडेल. आदिवासी आणि कोळी बहिणींचं पोट यावर आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. त्यांच्याकडून सुकी मासळी घ्या, पाऊस स्थिरावला की नदीचा मासा घ्या.

दुसरं, ओढ्यात कुणी ब्लीचिंग पावडर किंवा औषध टाकून मासे मारत असेल तर ग्रामपंचायतीत सांगा. त्यात पिल्लंही मरतात आणि तेच पाणी आपली गुरं पितात.

तिसरं, घरच्या काचेच्या टाकीतला नकोसा झालेला मासा नदीत सोडू नका. ते पुण्य नव्हे.

एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. तिला चार दिवस वर जाऊ दिलं, तर पुढच्या वर्षी टोपली रिकामी राहणार नाही. येत्या मिरगाला हे लक्षात ठेवा, आणि शेजारणीलाही सांगा.