शनिवारी कोण आहे?

(नवीन एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त थोडी काटछाट केली आहे. ऐकायला वेळ नसेल तर निवांत वाचा.)

लोकलमध्ये लटकत ऐकताय, की भांडी घासता घासता? काहीही चालेल. आजचा विषय थोडा वेगळा आहे. परवा एकीने मेसेज करून विचारलं, "ताई, कॉलेजकडून हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून जायला सांगितलंय. तिथे नेमकं करायचं काय असतं? आम्हाला तर इंजेक्शनसुद्धा देता येत नाही."

हा प्रश्न वाचून मला हसू आलं, कारण अगदी हाच प्रश्न घेऊन मी पण गेले होते. मी तेव्हा एसवाय बीकॉमला होते. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, घेतली होती. त्यात वर्षाला १२० तास भरावे लागतात. झाडं लावून झाली, रॅली झाली, तरी तास काही भरेनात. मग सरांनी आम्हा चौघींना एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मदत कक्षावर टाकलं. दर शनिवारी सकाळी साडेआठ ते साडेबारा. खरं सांगते, सेवा वगैरे डोक्यात काही नव्हतं. तास भरायचे आणि सर्टिफिकेट घ्यायचं, एवढंच.

मदत कक्ष म्हणजे काय, तर एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर एक बोर्ड. समोर केस पेपरची रांग. तुम्ही कधी मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल. कोणी पहाटेच्या एसटीने आलेलं असतं, कोणी रात्रीपासून व्हरांड्यात झोपलेलं असतं. हातात कॅरीबॅग, त्यात जुने रिपोर्ट, एक्स-रेचं मोठं पाकीट. आणि चेहऱ्यावर एकच प्रश्न: आता कुठं जायचं?

त्या टेबलावर आमच्या आधीपासून एक काकू बसायच्या. वय साधारण साठीच्या पुढचं. नाव असणारच, पण अख्खं हॉस्पिटल त्यांना काकूच म्हणायचं. सिस्टर काकू म्हणायच्या, वॉर्डातले मामा आणि मावशी काकू म्हणायचे, डायलिसिसला येणारे पेशंटही काकू म्हणायचे. त्या तिथे नोकरीला नव्हत्या. त्यांना एक रुपया मिळत नव्हता. बस बदलून यायच्या, पिशवीत पाण्याची बाटली, दोन पेनं आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. त्या कागदांचं काय, ते पुढे सांगते.

आता माझी चूक ऐका. ही गोष्ट मी आजपर्यंत फार कोणाला सांगितलेली नाही.

माझा तिसराच शनिवार होता. दोन शनिवारांत मला वाटायला लागलं होतं की मला सगळं कळतं. जालन्याकडचे एक दादा त्यांच्या बायकोला घेऊन आले. तिची पोटाची सोनोग्राफी होती, त्याच दिवशीची तारीख होती. रांग लांब होती. वहिनी अगदी गळून गेल्या होत्या. मी मोठ्या मायेने म्हणाले, "वहिनी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना? नंबर यायला तास-दीड तास आहे. खाली कँटीन आहे, चहा-बिस्किट खाऊन या तोवर."

ज्यांना माहीत आहे त्यांनी आत्ताच कपाळावर हात मारला असेल. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी पोटी जावं लागतं. साधारण सहा तास तरी काही खायचं नसतं. त्या सकाळपासून उपाशी होत्या त्या त्याच कारणासाठी. आणि मी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, टेबलाच्या मागे बसलेली, शिकलेली पोरगी त्यांना चहा प्यायला पाठवते. त्यांनी ऐकलं. का नाही ऐकणार?

नंबर आला तेव्हा आतून विचारलं, काही खाल्लं का? वहिनींनी खरं ते सांगितलं. तपासणी झाली नाही. पुढची तारीख मिळाली नऊ दिवसांनंतरची.

दादा परत माझ्याकडे आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "असू द्या ताई, तुम्ही तरी काय करणार." दोघांचं येण्या-जाण्याचं भाडं, दोघांचा बुडालेला रोज, आणि नऊ दिवस पोटात दुखतंय ते दुखतंय. हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे. मी नुसती उभी होते. रडू येत होतं, पण तिथे रडणं म्हणजे अजून त्यांनीच माझी समजूत काढायची.

काकूंनी शेजारून सगळं ऐकलं होतं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. उठल्या, दादांच्या हातातला केस पेपर घेतला आणि म्हणाल्या, "चला." मलाही खुणेने बोलावलं. आधी आम्ही सोनोग्राफीच्या सिस्टरकडे गेलो. काकूंनी सरळ सांगितलं, "आमच्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. पेशंटची चूक नाही." बघा, "आमच्याकडून" म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. मग समाजसेवा अधीक्षकांकडे गेलो. हे पद तुम्हाला माहीत नसेल तर लक्षात ठेवा. सरकारी हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या पैशांच्या, राहण्याच्या, कागदपत्रांच्या अडचणी बघायला हा माणूस असतो, आणि बहुतेक नातेवाइकांना तो आहे हेच माहीत नसतं. तासभर फिरल्यावर परवाची तारीख मिळाली. राहायची सोय झाली नाही, दोघं दोन रात्री व्हरांड्यातच झोपले. मी दोन्ही दिवस संध्याकाळी घरून डबा नेला. आईला खोटं सांगितलं की मैत्रिणीची परीक्षा आहे.

दादांना सोडताना काकूंनी पिशवीतून कोरा कागद काढला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कोणत्या दिवशी, किती वाजता, कितव्या मजल्यावर, कोणती खोली. रात्री दहानंतर काही खायचं नाही. जुने रिपोर्ट आणायचे. आणि त्यांना वाचायला लावलं. तर ते कागद त्यासाठी होते. केस पेपरवरचं डॉक्टरांचं अक्षर आणि इंग्रजी शब्द वाचता येत नाहीत म्हणून कोणाची फेरी वाया जाऊ नये.

त्या दुपारी त्यांनी मला जे सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. मला मेसेज करणाऱ्या मुलीसाठी हेच उत्तर आहे.

पहिलं, माहीत नसेल तर "माहीत नाही, चला आपण विचारू" म्हणायचं. यात कमीपणा नाही. दुसरं, बोट दाखवून "तिकडे जा" म्हणायचं नाही. जमेल तेव्हा सोबत चालत जायचं, कारण नवीन माणसाला "डावीकडून तिसरा जिना" कळत नाही. तिसरं, सिस्टरला विचारल्याशिवाय पेशंटला पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेलं असतं, कोणाला पाणी मोजून द्यायचं असतं. चौथं, औषधाबद्दल बोलायचं नाही. आपली आजी त्याच गोळीने बरी झाली असली तरी नाही. पाचवं, "सगळं ठीक होईल" असं वचन द्यायचं नाही. ते आपल्या हातात नाही. त्याऐवजी "मी इथे साडेबारापर्यंत आहे" हे सांगायचं, ते आपल्या हातात आहे. सहावं, स्वतःला सर्दी-ताप असेल तर घरी बसायचं. आणि सातवं मी माझं जोडते: पेशंटचा फोटो काढायचा नाही. स्टोरी टाकायची फार इच्छा झाली तर स्वतःच्या चपलांचा टाका!

तर इंजेक्शन देता आलं नाही तरी काम भरपूर आहे. फॉर्म भरून द्यायचा. "योजनेत बसतं का?" असं विचारणाऱ्याला महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रापर्यंत न्यायचं, रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत आहे का बघायचं. खाजगी धर्मादाय हॉस्पिटलांनी गरीब रुग्णांसाठी १० टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा राखून ठेवायच्या असतात, हे किती जणांना माहीत आहे? ते सांगायचं. लहान मुलांच्या वॉर्डात चित्रं काढत बसायचं. एकट्या आजोबांजवळ दहा मिनिटं बसायचं.

आणि ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही हं. गाडगे महाराजांचं नाव आपण स्वच्छतेसाठी घेतो. पण त्यांनी जागोजागी धर्मशाळा उभ्या करायला लावल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या उपचारासाठी बाहेरगावाहून येणाऱ्यांना आसरा देते. आजारी माणसाबरोबर आलेल्या माणसालाही अंग टाकायला जागा लागते, हे ज्याला उमगलं त्याने अर्धं हॉस्पिटल समजून घेतलं.

केरळचं उदाहरण तर अजून मोठं आहे. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजमध्ये काही डॉक्टरांनी बऱ्या न होणाऱ्या आजारांच्या रुग्णांचं दुखणं कमी करण्याचं काम सुरू केलं. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार ही त्यातली नावं. पण हे काम गावागावांत पोचलं ते साध्या माणसांमुळे. शेजारीपाजारी थोडं प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाऊ लागले. बघायला, बोलायला, औषध संपलंय का विचारायला. २००८ मध्ये केरळ सरकारने या सेवेसाठी धोरणच आणलं. सुरुवात मात्र आठवड्यातले दोन-चार तास देणाऱ्यांपासून झाली.

आता एक कडू गोष्ट. ती नाही बोलले तर हा एपिसोड नुसता गोड होईल. स्वयंसेवक हा कर्मचाऱ्याचा पर्याय नाही. वॉर्डबॉयची जागा रिकामी आहे म्हणून कॉलेजच्या पोरांनी स्ट्रेचर ढकलायचं, हे बरोबर नाही. त्यात पेशंटला धोका आहे, पोरांनाही आहे. फुकट काम होतंय म्हणून पद भरायचं राहून जाणार असेल, तर आपण मदत कोणाला करतोय? काकू पण यावर ठाम होत्या. "आपण वाट दाखवायची. जे पगारी माणसाचं काम आहे, ते मागून घ्यायचं," असं त्यांचं म्हणणं.

मग कौतुकाचं काय? ५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो. त्या वर्षी हॉलमध्ये कार्यक्रम झाला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, पाहुण्यांचं लांबलचक भाषण. आम्हा मुलींना सर्टिफिकेट मिळालं. काकूंचं नाव पुकारलं तेव्हा काकू नव्हत्या. मी शोधत गेले, तर टेबलावर. म्हणाल्या, "अगं, ओपीडी चालू आहे ना." शाल मी घेऊन आले, त्यांनी घडी करून पिशवीत ठेवली. चार दिवसांनी ती शाल मला व्हरांड्यात एका म्हातारीच्या अंगावर दिसली.

पुढे फेब्रुवारीत काकू यायच्या बंद झाल्या. एक शनिवार, दोन शनिवार, तीन शनिवार. हजेरीपट नव्हता, त्यामुळे कागदावर कोणी गैरहजर नव्हतंच. विचारलं ते डायलिसिसच्या पेशंटनी: "काकू कुठंयत?" आणि मला लाज वाटली, कारण माझ्याकडे त्यांचा फोन नंबरही नव्हता. सहा महिने शेजारी बसून मी त्यांना कधी "तुम्ही कशा आहात" असं धड विचारलं नव्हतं. त्यांनी आणलेलं पाणी प्यायले, त्यांची पेनं वापरली.

समाजसेवा अधीक्षकांकडून नंबर मिळवला. गुडघ्याने जोर धरला होता, जिना उतरता येत नव्हता. आम्ही दोघी घरी गेलो. त्यांनी चहा टाकला. आम्हीच पेशंट असल्यासारख्या त्या आमची चौकशी करत होत्या. आणि मग एकदम विचारलं, "शनिवारी कोण आहे?"

खरं उत्तर होतं, कोणी नाही. माझे १२० तास जानेवारीतच भरले होते. मी सांगायला गेले होते की आता परीक्षा आहे. तोंडातून निघालं, "मी आहे, काकू." त्यांनी पिशवी पुढे केली. कागदांचा गठ्ठा तसाच होता.

म्हणून कौतुकाबद्दल माझं मत साधं आहे. तुमच्या ओळखीत कोणी हॉस्पिटलमध्ये असं काम करत असेल तर शाल-नारळ राहू द्या. त्यांना बसायला नीट खुर्ची आहे का, चहा मिळतो का, घरी कसे जातात, ते विचारा. त्यांच्याकडून काम शिकून घ्या. त्यांना बरं नसेल तेव्हा त्यांच्या जागी जाऊन बसा.

आणि सुरुवात करायची असेल तर जवळच्या हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. आठवड्यातून जमतील तेवढेच तास सांगा, पण सांगितलेला दिवस चुकवू नका. ओळखपत्र मागून घ्या. तिथले नियम आणि कुठल्या लसी घ्याव्यात, तेही विचारा. वेळ देणं शक्यच नसेल तर रक्त द्या. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि तब्येत ठीक असेल, तर पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं.

काकूंचा गुडघा आता थोडा बरा आहे. त्या महिन्यातून एकदा येतात, खुर्चीवर बसून कागद लिहून देतात. जालन्याच्या वहिनींचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. सोनोग्राफी झाली एवढं कळलं. या कामात बहुतेक गोष्टींचा शेवट आपल्याला कळत नाही, त्याची सवय करून घ्यावी लागते.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या ओळखीत अशा कोणी काकू किंवा काका असतील तर हा एपिसोड त्यांना पाठवा, आणि पाठवल्यावर एक फोनही करा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!