पडद्यापासून मागे: पहिला गेमिंग कॉम्प्युटर जुळवताना



उन्हाळ्याची सुट्टी लागली की अनेक घरांत एक मागणी पुढे येते. गेम खेळायला चांगला कॉम्प्युटर हवा, आणि तोही तयार नको; भाग आणून घरीच जुळवायचा. आज सभागृहात अशी मागणी करणारेही आहेत आणि खिशात हात घालणारेही. मुलांचा सगळा जीव ग्राफिक्स कार्डात अडकलेला असतो. पालकांची भिस्त दुकानदाराने लिहून दिलेल्या कोटेशनवर असते. दोघांनाही माझं एकच सांगणं आहे: निवड पडद्यापासून सुरू करा आणि तिथून एकेक पाऊल मागे या. कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांपासून सुरुवात केली, तर पैसा भलत्याच ठिकाणी जातो.

मुळात घरी कॉम्प्युटर जुळवता येतो याला एक इतिहास आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. कंपनीला घाई होती, म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली, आत जादा कार्डांसाठी खाचा ठेवल्या आणि यंत्राची तांत्रिक माहिती छापून विकली. त्यामुळे त्या खाचांत बसणारी कार्डं कोणीही बनवू लागलं. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं. पूर्ण आकाराचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी. आज एका कंपनीचा बोर्ड, दुसरीचं कॅबिनेट आणि तिसरीचा वीजपुरवठा एकमेकांत निमूट बसतात, ते या मापामुळे. ही मोकळीक फार मोलाची आहे. लॅपटॉपमध्ये ती जवळपास संपलीच आहे, म्हणून मला घरच्या जुळणीचं एवढं अगत्य.

आता पडदा. मॉनिटर १०८०पी असेल तर त्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके असतात. १४४०पी घेतला की छत्तीस लाखांच्या वर जातात. फोर-के म्हणजे १०८०पीच्या बरोब्बर चौपट. यातला प्रत्येक ठिपका ग्राफिक्स कार्डाला दर फ्रेमला नव्याने रंगवावा लागतो. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एका फ्रेमसाठी सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्‌झच्या पडद्यावर सातसुद्धा मिळत नाहीत. तेव्हा मॉनिटर ठरला की कार्डाच्या कामाचं माप ठरलं. पहिल्या कॉम्प्युटरला १०८०पी आणि १४४ ते १६५ हर्ट्‌झचा पडदा पुरेसा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. फोर-केच्या मोहात पडून, ज्याला ते झेपत नाही असं कार्ड जोडलं की खेळ अडखळतो, आणि दोष मात्र प्रोसेसरला दिला जातो.

दुसरा प्रश्न, खेळणार काय? ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणाऱ्याला सेकंदाला भरपूर फ्रेम हव्यात, आणि तिथे बराचसा भार प्रोसेसरवर येतो. ‘सायबरपंक २०७७’ सारखा खेळ कार्डाला घाम फोडतो. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ २०२० मध्ये आला. त्याचा आनंद मध्यम कार्डावरही पुरेपूर मिळतो. मुलांनो, दुकानात जाण्याआधी रोज खेळणार असाल असे तीन-चार खेळ कागदावर लिहा. कधीतरी खेळीन म्हणून मनात ठेवलेले खेळ त्या कागदावर नकोत.

समजा, मॉनिटर सोडून सत्तर हजार रुपये ठरवले आहेत. त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त ग्राफिक्स कार्डाला द्या. कार्ड घेताना नुसतं नाव वाचू नका. ‘आरटीएक्स ३०६०’ या एकाच नावाची दोन कार्डं बाजारात आली: एक १२ जीबी मेमरीचं आणि १९२ बिटच्या मार्गाचं, दुसरं ८ जीबी आणि १२८ बिटचं. दुसरं स्पष्टपणे हळू आहे. खोक्यावर दोन्हींचं नाव सारखंच. २०२३ मध्ये आलेलं ‘आरटीएक्स ४०६०’ वेगाने ३०६०च्या पुढे आहे आणि १७० वॅटऐवजी ११५ वॅटवर भागवतं; पण त्यावर मेमरी ८ जीबीच आहे. नवे मोठे खेळ चित्रांची गुणवत्ता पूर्ण चढवली की तेवढ्यात मावत नाहीत, आणि मेमरी भरली की चालता चालता झटके बसतात. सरासरी एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमच्या, आकड्यात हे झटके दिसत नाहीत. म्हणून परीक्षण वाचताना सरासरीच्या शेजारचा ‘वन पर्सेंट लो’ हा सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा आकडा आवर्जून बघा.

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवणार नाही. आजच्या घडीला सहा कोअरचा चांगला प्रोसेसर पुरतो. ‘रायझन ५ ५६००’, ‘रायझन ५ ७६००’, ‘कोअर आय-५ १२४००एफ’ ही त्या जातीची उदाहरणं. शेवटच्या अक्षराकडे लक्ष असू द्या: इंटेलच्या नावापुढे एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही. ५६०० मध्येही नाही, ७६०० मध्ये आहे. कार्ड दुरुस्तीला गेलं की हा फरक चांगलाच कळतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सॉकेट, प्रोसेसर जिथे बसतो ती जागा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर पहिले रायझन २०१७ मध्ये आले. त्या काळातल्या कित्येक बोर्डांवर बायॉस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून २०२२ चा ‘५८००एक्स३डी’ चालला. पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून लोकांनी जुनं यंत्र ताजं केलं. एएम५ हा २०२२ पासूनचा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू, असं कंपनीने सांगितलं आहे. पहिलं यंत्र घेणाऱ्याने हा विचार करावाच, कारण दुसरा हप्ता पैशांची सोय झाल्यावर तीन-चार वर्षांनी भरायचा असतो. मात्र नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसवण्याआधी बोर्डाच्या कंपनीची यादी बघा आणि बायॉसची आवृत्ती दुकानातच तपासून घ्या.

एएम५वर फक्त डीडीआर५ रॅम चालते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते; ती जोर लावूनही बसत नाही, आणि जोर लावूही नये. सोळा जीबी घ्यायची असेल तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या, म्हणजे मेमरीचे दोन्ही मार्ग वापरात येतात. चार खाचांच्या बोर्डावर त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडले आहेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवला. घरात जुनी, चांगल्या वेगाची डीडीआर४ पडून असेल तर एएम४वर यंत्र उभं करणं आज शहाणपणाचं आहे. नवं ते उत्तम, असा हट्ट धरायची ही वेळ नव्हे.

आता ज्या भागासाठी मी मुख्यतः इथे उभा आहे तो भाग: एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा. बजेट ताणलं गेलं की पहिली कात्री यावर चालते. दुकानदार म्हणतो, “साडेचारशे वॅटचा टाकून देतो, पुरेल.” तो डबा हातात घ्या, उलटा करा आणि त्यावरचं कोष्टक वाचा. तिथे प्लस बारा व्होल्ट अशी एक ओळ असते आणि खाली अँपिअर लिहिलेले असतात. आजचा प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज याच ओळीतून घेतात. स्वस्त डब्यांवर ठळक ‘४५०’ छापलेलं आणि त्या ओळीखाली अठरा अँपिअर, असं कोष्टक मी पाहिलं आहे. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. आता ‘आरटीएक्स ३०६०’ चे १७० आणि ‘रायझन ५ ५६००’ पूर्ण ताकदीने घेतो ते ७६ मिळवा: २४६ झाले. पंखे आणि डिस्क अजून धरलेलेच नाहीत. खेळ रंगात आला की असा कॉम्प्युटर झटकन बंद पडतो. आणि संरक्षणाची सर्किटं नसलेला डबा जळताना सोबत बोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या, ज्याच्या बारा व्होल्टच्या ओळीवर जवळपास पूर्ण क्षमता लिहिलेली असेल. ‘८० प्लस’ची ब्राँझ किंवा गोल्ड मोहर असावी, पण ती मोहर फक्त कार्यक्षमता सांगते, सुरक्षितता नाही. एवढा पुरवठा दोन कार्डांचं आयुष्य बघतो. पालकांनी कुठल्या एका भागासाठी हट्ट धरायचा तर तो यासाठी धरावा.

यूपीएसचंही तेच. सहाशे व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. वीज गेल्यावर खेळ सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला तो पुरेसा आहे. पुढे खेळत बसायला नाही. आणि घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्याच.

कॅबिनेटबद्दल बोलताना आपलं हवामान विसरून चालत नाही. हवेने थंड होणारा कोणताही भाग खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. अकोल्यात किंवा जळगावात मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असते, तेव्हा थंड देशातल्या परीक्षणांतलं तापमान आपल्या उपयोगाचं नाही. समोर काच असलेलं कॅबिनेट दिसतं सुरेख, पण हवा घेतं बाजूच्या फटींतून. समोर जाळी असलेलं घ्या; पुढून आत येणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढ्यात काम भागतं. जाळीमागचं धूळ अडवणारं फिल्टर दर महिन्याला झटका. विकत घेण्याआधी कॅबिनेटमध्ये किती लांबीचं कार्ड मावतं ते मिलिमीटरमध्ये बघा.

साठवणीला एक टीबीचा एनव्हीएमई एसएसडी घ्या आणि पुढे चला. ‘बाल्डर्स गेट ३’ एकटाच दीडशे जीबी मागतो. पाचशे जीबीचा आनंद फार दिवस टिकत नाही.

खरेदी मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर करा नाहीतर ऑनलाइन, पण प्रत्येक भागाचं जीएसटीचं बिल सीरियल नंबरसकट घ्या. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडे वॉरंटीही तशीच हवेत असते. जुनं कार्ड घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर अर्धा तास खेळ चालवून बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं बाजारात आली, आणि त्यांतली काही अजून हातोहात फिरत आहेत. पंखा खरखरतो का, पडद्यावर भलते ठिपके उमटतात का, सीरियल नंबरचं लेबल शाबूत आहे का, हे पाहायला पैसे पडत नाहीत.

जुळणी झाल्यावर तीन गोष्टी लगेच करा. मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागे न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रेंगाळते आणि कोणाला पत्ता लागत नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्‌झ स्वतः निवडा; पैसे १४४ चे मोजलेले असूनही कित्येक मॉनिटर वर्षानुवर्षं ६० वर चालतात. मग पहिल्या आठवड्यातच यंत्राला भरपूर राबवा, तापमान लिहून ठेवा. सदोष भाग दुकानातच बदलून मिळण्याची मुदत बहुधा तेवढीच असते. त्यानंतर सर्व्हिस सेंटरची वाट धरावी लागते.

कोणी कोटेशन सोबत आणली असतील तर ती पुढे द्या. प्रश्नोत्तरांसाठी राखलेल्या वेळात आपण ती एकेक करून वाचू.